गावाकडून मुंबई बघायला येताय? म्हातारी माणसं आणि पोरं घेऊन तीन दिवस असे काढा

दिवाळी आणि मे महिना जवळ आला की आमच्याकडे फोन सुरू होतात. लातूरहून, सोलापूरहून, जालन्याहून. "आम्ही येतोय, सहा-सात जण आहोत, आईपण आहे, काय काय बघायचं ते सांग." आणि सोबत व्हॉट्सअॅपवर एक यादी येते, त्यात गेटवे, सिद्धिविनायक, जुहू, एलिफंटा, राणीबाग, सी लिंक, हाजी अली, हिरोंचे बंगले असं सगळं एका दिवसात कोंबलेलं असतं. यादी बाजूला ठेवा. मुंबई ही उभी लांबलचक पट्टी आहे, दक्षिणेला कुलाबा आणि वर विरार-कल्याणपर्यंत पसरलेली, त्यामुळे इथे फिरायचं म्हणजे एका दिवसात एकच पट्टा धरायचा आणि वेळ अशी निवडायची की ऑफिसची गर्दी ज्या दिशेला जाते त्याच्या उलट आपण जाऊ. हे दोन जमलं तर आजीचे गुडघे वाचतात, पोरं रडत नाहीत आणि नवरा-बायकोचं भांडण होत नाही.

आधी वार ठरवा, तारीख नंतर

बहुतेक लोक इथेच फसतात. सोमवारी घारापुरीची (म्हणजे एलिफंटाची) लेणी बंद, बोरिवलीचं नॅशनल पार्क बंद, वरळीचं नेहरू तारांगण पण बंद. बुधवारी राणीबाग बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाला रांग एवढी असते की लहान पोरं घेऊन उभं राहायचं म्हणजे शिक्षाच, आणि संकष्टी किंवा अंगारकी असेल तर विचारूच नका. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे काही मार्गांवर दुपारी चार-पाच तास गाड्या कमी आणि उशिरा, शिवाय गेटवे आणि चौपाटीवर अर्धी मुंबई उतरलेली. मग राहिलं काय? गुरुवार, शुक्रवार, शनिवार. बुधवारी रात्री गाडीत बसायचं, गुरुवारी सकाळी मुंबईत उतरायचं, शनिवारी रात्री परतीची गाडी पकडायची. रविवारी घरी झोपा काढा, सोमवारी शाळा.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. मेमध्ये घाम एवढा येतो की मराठवाड्यातली माणसं पण वैतागतात, तिकडे ४२ डिग्री सहन करणारा माणूस इथे ३४ मध्ये बसून जातो कारण हवाच ओली असते. पावसाळ्यात समुद्र खवळला की घारापुरीच्या बोटी बंद ठेवतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर येणार असाल तर तो दिवस पक्का धरू नका. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीला यायचं असेल तर त्यासाठीच या, बाकी फिरणं त्यात मिसळू नका, दादर परिसर पूर्ण भरलेला असतो.

राहायचं कुठे

लॉज घेणार असाल तर दादर किंवा सीएसएमटीच्या (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, जुनं व्हीटी) आसपास घ्या. अंधेरी-कुर्ल्याला शे-दोनशे रुपये वाचतात पण ते रोजच्या प्रवासात जातात, आणि दमणूक वेगळी. दादरचा फायदा असा की वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही लाइन तिथे भेटतात आणि मराठी जेवण पायरीवर मिळतं.

पण खरं सांगायचं तर आपल्यातले बरेच लोक पाहुण्यांकडेच उतरतात, आणि पाहुणे असतात डोंबिवलीला, बदलापूरला नाहीतर नालासोपाऱ्याला. काही हरकत नाही, फक्त मग घड्याळ पाळायचं. सकाळी आठ ते साडेदहा मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत कुटुंब घेऊन चढायचं नाही म्हणजे नाही. एकतर सहा-साडेसहाला निघा नाहीतर अकरानंतर. संध्याकाळी तसंच, चारच्या आत परत फिरा किंवा सरळ नऊ-साडेनऊपर्यंत चौपाटीवर बसून राहा. अजून एक, ज्यांच्याकडे उतरणार त्यांना रजा काढायला लावू नका, दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं वाढली हेच त्यांच्यासाठी खूप झालं. येताना शेंगाचटणी, कडक भाकरी, थोडी ज्वारी आणा, त्याने जे काम होतं ते मिठाईच्या बॉक्सने होत नाही.

गाडी कुठे सोडते ते तिकिटावर बघा

तिकिटावर सीएसएमटी आहे की एलटीटी ते वाचा. एलटीटी म्हणजे लोकमान्य टिळक टर्मिनस, लोक त्याला कुर्ला टर्मिनस म्हणतात पण ते कुर्ला लोकल स्टेशनला चिकटून नाहीये. बाहेर आलात की टॅक्सी-रिक्षावाले घेरतात आणि तोंडाला येईल तो आकडा सांगतात. सामान कमी असेल तर हार्बर लाइनचं टिळकनगर स्टेशन जवळ आहे, चालत जाता येतं. सीएसएमटीच्या बऱ्याच गाड्या कल्याण, ठाणे, दादरला पण थांबतात, पाहुणे कुठे राहतात त्याप्रमाणे आधीच उतरा, उगाच शेवटपर्यंत जाऊन उलटं येऊ नका.

दादरला उतरलात तर एक लक्षात ठेवा, डिसेंबर २०२३ पासून तिथले प्लॅटफॉर्म नंबर बदललेत. आता वेस्टर्नचे १ ते ७ आणि सेंट्रलचे ८ ते १४. "दादर एक नंबरवर भेटू" असं जुन्या सवयीने सांगणारे काका अजून आहेत, आणि ते सेंट्रलच्या ज्या प्लॅटफॉर्मला एक नंबर म्हणतात तो आता एक नंबर नाहीये. लॉजवर चेक-इन दुपारी असेल तर सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये टाका, पण बॅगांना कुलूप पाहिजे, चेन ओढून दिलेली पिशवी घेत नाहीत.

लोकल कशी पकडायची

फोनमध्ये लोकलच्या वेळा दाखवणारं एम-इंडिकेटर अॅप टाकून घ्या, मुंबईचा माणूस पण त्याच्यावरच जगतो. तिकीट खिडकीवर, मशीनवर किंवा रेल्वेच्या अॅपवर काढा, पाच वर्षांखालच्या पोरांना तिकीट लागत नाही. सेकंड क्लासचं तिकीट आणि फर्स्ट क्लासच्या डब्यात बसलात तर दंड होतो, आणि दोन्ही डबे बाहेरून नवख्या माणसाला सारखेच दिसतात, म्हणून चढायच्या आधी डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. एसी लोकलचं तिकीट वेगळं.

प्लॅटफॉर्मवर इंडिकेटरला गाडीचं शेवटचं स्टेशन, स्लो का फास्ट, १२ डबे का १५ डबे हे सगळं दिसतं. फास्ट गाडी मधली स्टेशनं सोडते. भायखळ्याला जायचं असेल तर गाडी तिथे थांबते का ते बघूनच चढा. कळलं नाही तर शेजारच्याला विचारा, मुंबईचा माणूस हसून बोलणार नाही पण रस्ता मात्र बरोबर सांगेल.

कुटुंबाचा नियम चढायच्या आधी ठरवा, प्लॅटफॉर्मवर उभं असतानाच, पोरांकडून पाठ करून घ्या. गाडीत चढलेला माणूस पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबणार. खाली राहिलेला मागच्या गाडीने येणार. कोणीही चालत्या गाडीत उडी मारणार नाही आणि कोणीही चेन ओढणार नाही. बायका लेडीज डब्यात आणि पुरुष जनरलमध्ये असं विभागून गेलात तर कुठल्या स्टेशनला उतरायचं ते दोन्हीकडे माहीत पाहिजे, आणि तिकिटं पण दोन्हीकडे पाहिजेत, सगळी बाबांच्या खिशात नकोत. उतरायचं स्टेशन यायच्या एक स्टेशन आधी उठून दाराकडे सरकायचं आणि पुढच्याला विचारायचं, "दादर उतरणार का?" तो हो म्हणाला तर त्याच्या मागे उभं राहा, गर्दी तुम्हाला आपोआप खाली उतरवते.

हे सगळं ऐकूनच आजीला धडकी भरली असेल तर मेट्रो ३ आहे. आरे ते कफ परेड, जवळजवळ पूर्ण भुयारी, ऑक्टोबर २०२५ पासून अख्खी सुरू झालीये. सिद्धिविनायक, दादर, सायन्स सेंटर, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट अशी आपल्या कामाची स्टेशनं तिच्यावरच आहेत, लिफ्ट आहे, एसी आहे, स्वच्छ टॉयलेट आहे. तिकीट लोकलपेक्षा महाग पण म्हातारं माणूस सोबत असेल तर मी डोळे झाकून मेट्रोच सांगेन. दादरचं मेट्रो स्टेशन मात्र रेल्वे स्टेशनला लागून नाही, सेनाभवनाकडे थोडं चालावं लागतं.

रिक्षा शहरात मिळत नाही. बांद्रा आणि सायनच्या पुढे दक्षिणेकडे फक्त काळी-पिवळी टॅक्सी, मीटर ३१ रुपयांपासून सुरू होतो, चार माणसं बसतात. "मीटर बंद आहे" म्हणाला की पुढची टॅक्सी बघा. सहा जण असाल तर बेस्टची, म्हणजे महापालिकेची बस चांगली.

पहिला दिवस: सीएसएमटी ते गेटवे

रात्रभर गाडीतून आलेले असता त्यामुळे पहिल्या दिवशी लांब कुठे जायचं नाही. सीएसएमटीच्या समोर, महापालिकेच्या इमारतीकडे रस्ता ओलांडून (भुयारी मार्गाने, वरून पळत नाही) उभे राहा आणि स्टेशन नीट बघा. १८८८ साली बांधून झालेली इमारत आहे ही, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. लोक फोटो काढून दोन मिनिटांत निघतात, तसं करू नका. पोरांना काम द्या, दगडात कोरलेली जनावरं शोधायची. गेटच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ आहे, सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे आपण. भिंतींवर मोर, माकडं काय काय सापडतं, आणि सगळ्यात वर घुमटावर मशाल घेतलेली बाई. अर्धा तास आरामात जातो, फुकट. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला इथूनच, म्हणजे त्या वेळच्या बोरीबंदरहून, ठाण्याला गेली होती हे पण सांगा.

समोर 'आराम' नावाच्या दुकानात वडापाव खाऊन हुतात्मा चौकाकडे निघा. फ्लोरा फाउंटनच्या बाजूला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या १०६ हुतात्म्यांचं स्मारक आहे, मुंबई आपल्याला कशी मिळाली ते आजोबांनी सांगायची जागा ती. तिथून काळा घोडा आणि पुढे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. सव्वादहाला उघडतं, संध्याकाळी सहापर्यंत. दुपारचं ऊन इथेच काढायचं. सगळी दालनं बघायच्या फंदात पडू नका, पोरांना प्राण्या-पक्ष्यांचं दालन आणि मोठ्यांना शिल्पं आणि हत्यारं, बास झालं. बाहेर पडताना मागे वळून घुमट बघा, विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलाय, सोलापूरकडच्या लोकांना बघताक्षणी ओळखू येतो.

चार-साडेचारला गेटवे. १९११ मध्ये इंग्लंडचा राजा आला म्हणून बांधायला घेतलं आणि ४ डिसेंबर १९२४ ला उद्घाटन झालं, राजा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी! सरकारी काम तेव्हापण असंच होतं. आणि मजा म्हणजे स्वातंत्र्यानंतर इंग्रजांची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ ला याच कमानीखालून बाहेर गेली. इथे फोटोवाले मागे लागतात, काढायचाच असेल तर किती फोटो, किती कॉपी आणि एकूण किती रुपये हे क्लिक करायच्या आधी बोलून घ्या, नाहीतर दहा फोटो हातात येतात आणि दहाचे पैसे द्यावे लागतात. बॅगा तपासतात, म्हणून मोठं सामान आणू नका.

दुसरा दिवस: घारापुरी, आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्ह

घारापुरी म्हणजे एलिफंटा. सकाळी नऊच्या सुमाराला गेटवेहून बोटी सुरू होतात, पहिल्या-दुसऱ्या बोटीतच बसा कारण उशिरा गेलात की पायऱ्या चढताना ऊन डोक्यावर येतं. तिकीट खिडकीवरच काढा, परतीचं त्यातच असतं. एक तास लागतो. लाइफ जॅकेट देतात ते घाला आणि पोरांचे बकल स्वतः तपासा, डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर मोठा अपघात होऊन माणसं गेली आहेत, त्यामुळे "पोहता येतं आम्हाला" वगैरे नको. ज्यांना गाडी लागते त्यांनी खालीच मधोमध बसावं.

धक्क्यावर उतरल्यावर छोटी झुकझुक गाडी आहे, पोरांना त्यात बसवा नाहीतर ती लेण्यांपर्यंत कटकट करतील. मग साधारण १२० पायऱ्या. आजीला जमणार नसेल तर डोलीवाले असतात, भाव आधी ठरवा, जाऊन-येऊन धरून. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूला दुकानं आहेत, खरेदी उतरताना करा. हातात मक्याचं कणीस, चिप्सचं पाकीट किंवा कोल्ड्रिंक दिसलं की माकडं येतात आणि ती मागत नाहीत, घेतात. खाऊ बॅगेत आणि बॅगेची चेन बंद.

भारतीयांना तिकीट ४० रुपये, १५ वर्षांखालच्यांना फुकट. लेणी पाच-सहा आहेत पण जीव आहे तो पहिल्यात. आत शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, दोन मिनिटं नुसतं उभं राहा. मग समोर तीन तोंडांचा शंकर दिसतो, जवळजवळ वीस फूट उंच. लोक त्याला ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणतात पण तो सदाशिव आहे, तिन्ही मुखं शिवाचीच. डावीकडचं मुख मिशीवालं, उग्र, त्याच्याजवळ नाग आहे. उजवीकडचं नाजूक, हातात कमळ. मधलं डोळे मिटून शांत. बाजूला अर्धनारीश्वर, गंगाधर, पार्वतीचं लग्न, कैलास हलवणारा रावण असे मोठमोठे देखावे आहेत, गोष्टी आजीला सगळ्या येतात त्यामुळे गाइडचे पैसे वाचतात. दगडाचे हातपाय बरेच फुटलेत, ते बघून पोरं का म्हणून विचारतील.

दोन-तीन तासात परतीची बोट धरा, शेवटच्या बोटीची वाट बघू नका, तिला रेटारेटी असते. परत येऊन थोडं लोळा, आणि सहाच्या आधी मरीन ड्राइव्हला या. चर्चगेटहून चालत पाच-दहा मिनिटं. कठड्यावर बसायचं, सूर्य बुडताना बघायचा, मग दिवे लागतात. गिरगाव चौपाटीवर भेळ खायची. मावळतीनंतर टॅक्सीने मलबार हिलवर कमला नेहरू पार्कला जाता आलं तर वरून अख्खी दिव्यांची माळ दिसते, आणि पोरांना म्हातारीचा बूट. तारापोरवाला मत्स्यालय मात्र बंद झालंय, आजोबा लहानपणी बघितलेलं सांगत असतील तर त्यांना तसं आधीच सांगून टाका.

तिसरा दिवस: देव आणि राणीबाग

सिद्धिविनायक सकाळी सात-साडेसातला उरकून घ्या, मेट्रोचं स्टेशन जवळच आहे. चैत्यभूमी आणि शिवाजी पार्क तिथून लांब नाही. हाजी अलीला जायचं तर भरती-ओहोटीची वेळ बघा, भरतीला रस्ता पाण्याखाली जातो.

नंतर भायखळ्याची राणीबाग. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नाव आहे पण टॅक्सीवाल्याला राणीबागच सांगा. मोठ्यांना ५० रुपये, आईबाप आणि दोन पोरं मिळून १०० रुपयांचं फॅमिली तिकीट. पेंग्विनच्या एसी हॉलमध्ये पोरं काचेला नाक लावून उभी राहतात आणि मोठी माणसं एसीसाठी उभी राहतात. जुनी झाडं एवढी आहेत की दुपार सावलीत निघते. आणि एक गोष्ट शोधाच, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर दगडी हत्ती आहे. हा काल बघितलेल्या घारापुरीचा, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तोच. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना पडून तुकडे झाले, मग जोडून इथे बसवला. सांधे अजून दिसतात.

पोरं मोठी असतील, सातवी-आठवीच्या पुढे, तर राणीबागेऐवजी वरळीचं नेहरू सायन्स सेंटर घ्या, हात लावून बघता येतं सगळं. दोन्ही एका दिवसात नको.

जुहू मी सांगत नाही. दादरहून तासभर जायचं, तीच वाळू, तीच भेळ. हिरोंचे बंगले म्हणजे एक गेट आणि त्याच्यासमोर शंभर माणसं. सी लिंकवर चालत किंवा रिक्षाने जाता येत नाही, फक्त गाडीने, त्यासाठी टॅक्सी करून टोल भरायचा असेल तर करा, नाहीतर दादर चौपाटीवरून तो अख्खा दिसतो.

खाणं, पाणी, टॉयलेट

दादरला प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियूष, आस्वादची मिसळ आणि थालीपीठ. शनिवार-रविवारी नाव लिहून थांबावं लागतं. धोबीतलावला कयानीत बन मस्का आणि चहा घ्या, १९०४ पासूनचं इराणी हॉटेल आहे. मासे खाणारे असाल तर दादरमध्येच मालवणी-गोमंतकी थाळी शोधा. रस्त्यावरचा बर्फाचा गोळा पोटाला नवीन असतो, परतीच्या प्रवासात त्रास नको.

टॉयलेटचं बायकांना इथे खूप अवघड होतं म्हणून नियम साधा, दिसलं की जायचं, लागलं की नाही. म्युझियम, मेट्रो स्टेशन, मोठी हॉटेलं, राणीबाग इथे बरी असतात. घारापुरीला बोटीत बसायच्या आधी जाऊनच या.

पोरांच्या खिशात बाबांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. फोन आणि पाकीट पुढच्या खिशात, आणि लोकलच्या दारात उभं राहून व्हिडिओ कॉल तर अजिबात नाही.

परतीची गाडी

रात्रीची गाडी असेल तर संध्याकाळच्या गर्दीत सामान घेऊन लोकलमध्ये चढायचा विचारच करू नका, टॅक्सीच करा आणि ट्रॅफिक धरून तासभर आधी निघा. गाडी सीएसएमटीहून सुटत असेल तर तिथूनच बसा. दादरला ती दोन-तीन मिनिटंच थांबते, सहा माणसं, चार बॅगा आणि झोपलेलं पोर एवढ्या वेळात चढत नाही.